चेकलिस्ट मध्येच तुटली तर? कॉकपिटमधले व्यत्यय सांभाळायची पद्धत, वॉकअराऊंडपासून शटडाऊनपर्यंत

२०२३ च्या होळीत एक फोटो व्हॉट्सॲपवर भरपूर फिरला होता, बऱ्याच जणांना आठवत असेल. दिल्लीहून गुवाहाटीला चाललेलं विमान, मधल्या कन्सोलवर कॉफीचा ग्लास आणि सोबत गुजिया, म्हणजे आपली करंजीच. कंपनीने दोन्ही पायलटांना ड्युटीवरून उतरवलं आणि ते योग्यच केलं, कारण कन्सोलवर कॉफी सांडली तर काय होतं ते फेब्रुवारी २०१९ मध्ये फ्रँकफर्टहून कॅनकुनला निघालेल्या एका ए३३० ने दाखवून दिलंय. ऑडिओ पॅनल तापलं, त्यातून धूर आला आणि विमान अटलांटिकवरून मागे फिरवून आयर्लंडमध्ये शॅननला उतरवावं लागलं.

पण पायलटचं लक्ष उडालं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर हेच येतं, कॉफी, गप्पा, मोबाईल. ते आहेच. तरी जुने अपघात नीट वाचले तर कितीतरी ठिकाणी पायलट चक्क कामात होते, टॉवरशी बोलत होते, रनवे बदलला म्हणून नवीन आकडे काढत होते, बिघाडाबद्दल इंजिनीअरशी बोलत होते. एका कामानेच दुसऱ्या कामात खोडा घातला. अमेरिकेत पायलट आपल्या चुका स्वतःहून नासाकडे कळवतात, त्यातले १०७ रिपोर्ट नव्वदच्या दशकात तपासले होते, तर लक्ष खेचून नेणाऱ्या गोष्टींपैकी ९० टक्के चारच प्रकारांत बसल्या: बोलणं (रेडिओवर किंवा आपसात), मान खाली घालून करायचं काम, काहीतरी बिघडलं ते निस्तरणं, आणि बाहेर दुसरं विमान शोधणं. चारही गोष्टी पायलटने करायच्याच असतात. "लक्ष द्या, लक्ष देत चला" हा सल्ला म्हणूनच फुकटचा आहे, माणूस लक्ष देतच असतो, फक्त दुसरीकडे.

चेकलिस्ट वाचता सगळ्यांनाच येते. वाचता वाचता ती मध्येच तुटली की पुन्हा कशी जोडायची, याचा सराव मात्र फार कमी जण करतात, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे. गोंदिया, नागपूर, कुठेही सेसना १७२ या छोट्या विमानावर तास भरत असाल किंवा नुकतंच एअरलाइनच्या राईट सीटवर, म्हणजे को-पायलटच्या जागी, बसला असाल, दोघांना चालेल असं लिहितोय. आपल्या स्कूलची किंवा कंपनीची एसओपी (कामाची ठरवून दिलेली पद्धत) वेगळं सांगत असेल तर ती वरचढ, हे वेगळं सांगायला नको.

आधी फ्लो आणि चेकलिस्ट यातला फरक पक्का करा

फ्लो म्हणजे ठरलेल्या क्रमाने पॅनलवरून हात फिरवत कामं उरकणं, पाठ केलेलं. चेकलिस्ट म्हणजे ते झालं का याची नंतर कार्ड हातात धरून केलेली पडताळणी. नॉर्मल चेकलिस्टचं काम पडताळणीचं असतं, वाचा आणि करा ही पद्धत प्रामुख्याने बिघाडाच्या चेकलिस्टना लागते. सुरुवातीच्या काही तासांत कार्ड बघून एकेक स्विच दाबणं ठीक आहे, पण तेच चालू ठेवलं तर पडताळणी नावाची दुसरी जाळी उरतच नाही, एक आयटम निसटला की निसटला. आणि उलटा प्रकार जास्त दिसतो, फ्लो केलेला असतो म्हणून चेकलिस्ट नुसती म्हटली जाते, आरतीसारखी, डोळे भलतीकडे.

या यादीचा जन्मच एका राहिलेल्या आयटममधून झाला. ३० ऑक्टोबर १९३५, ओहायोतल्या डेटनजवळचं राईट फील्ड, बोइंगचं चार इंजिनांचं मॉडेल २९९ हवेत गेलं आणि नाक वर करत करत स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून, कोसळलं. चालवत होते मेजर प्लॉयर हिल, मुरलेले टेस्ट पायलट. विमान उभं असताना वाऱ्याने कंट्रोल हलू नयेत म्हणून लावलेला गस्ट लॉक काढायचा राहिला होता. त्यानंतर लष्करी पायलटांच्या हातात कार्ड आलं.

आता ३१ मे २०१४. बॉस्टनजवळ बेडफर्ड, गल्फस्ट्रीम ४ जेट, गस्ट लॉक लावलेलाच आणि विमान टेकऑफला धावतंय. सातही जण गेले. रेकॉर्डरमधून त्या क्रूच्या आधीच्या १७५ टेकऑफचा डेटा काढला तर कंट्रोल पूर्ण फिरवून बघितल्याचं फक्त दोनदा सापडलं. त्या दिवशी कुणी त्यांना टोकलं म्हणून ते राहिलं असं नाही, रोजचीच सवय होती. लक्ष विचलित झालं तर सवय वाचवते असं आपण म्हणतो, पण सवयच भोकं पडलेली असेल तर वाचवणार काय.

त्यामुळे कार्डावर "कंट्रोल्स: फ्री अँड करेक्ट" लिहिलंय ना, ते असं करा. योक (विमानाचं स्टिअरिंग) पूर्ण डावीकडे, थांबा, मान वळवून डावा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) वर गेलाय का ते बघा. पूर्ण उजवीकडे, उजवा बघा. योक धरताना अंगठे सरळ वर ठेवले तर योक वळवल्यावर अंगठा ज्या बाजूला झुकतो त्या बाजूचा एलेरॉन वर असायला हवा, केबल उलट्या जोडलेल्या असल्या तरी यात पकडलं जातं. मग योक पूर्ण मागे, पूर्ण पुढे, एलेव्हेटर (शेपटीवरची आडवी हलणारी पट्टी) बघायला मागे वळा. दहा सेकंदांचं काम आहे. "फ्री" हाताला कळतं, "करेक्ट" डोळ्यांनीच बघावं लागतं, आणि बरेच जण पहिल्या शब्दावरच थांबतात.

विमानापाशी जायच्या आधी

फोन फ्लाइट मोडवर टाकून बॅगेत ठेवा. खिशातला फोन थरथरला की बघितला नाही तरी डोकं दोन सेकंद तिकडे जातंच. टॅबलेटवर चार्ट वापरत असाल तर नोटिफिकेशन बंद आणि चार्जिंग पूर्ण, कारण टॅबलेट बंद पडला की मान खाली जाते आणि तिथेच राहते. चेकलिस्ट कार्डाला जागा ठरवून द्या, नीबोर्डची (मांडीला बांधायच्या पाटीची) क्लिप किंवा साईड पॉकेट, दर वेळी तीच.

कुणाला सोबत नेत असाल तर जमिनीवरच सांगून ठेवा: "मी हात असा वर केला की बोलायचं नाही, दुसरं विमान दिसलं किंवा धूर दिसला तर मात्र हात वर असला तरी ओरडून सांगायचं." लोकांना राग येत नाही, उलट महत्त्वाचं काम मिळाल्यासारखं वाटतं.

वॉकअराऊंड

उडण्याआधी विमानाभोवती फिरून तपासणी करायची ती ही, आणि इथे तुम्हाला जो तो थांबवतो. लाइनवरचा माणूस विचारतो किती फ्युएल, मित्र म्हणतो एक फोटो काढ, इन्स्ट्रक्टर लांबून हाक मारतो. आणि नेमकी इथे राहणारी कामं अशी की हवेत गेल्यावर दुरुस्त करता येत नाहीत: फ्युएल कॅप, ऑइलची डिपस्टिक, पिटॉट कव्हर (वेग मोजणाऱ्या नळीचं झाकण), चॉक (चाकांना लावलेली अडण), टो बार (विमान ओढायचा दांडा).

पद्धत अशी ठेवा. हात ज्या वस्तूवर आहे ती पूर्ण करा आणि मगच मान वर करा, कॅप अर्धी फिरवून गप्पा मारायला वळायचं नाही. बोलणं टळतच नसेल तर त्या कोपऱ्यापासून पुन्हा सुरू करा, जिथे थांबलो "बहुतेक" तिथून नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजताना फोन आला आणि नंतर तीन झाल्या की चार हे आठवेना, तर आपण घरात एक जास्त होऊ देतो, तसंच इथे, एक तपासणी दोनदा झाली तर काही बिघडत नाही, राहिली तर बिघडतं. सगळं झाल्यावर दहा पावलं मागे येऊन हातात काहीही न धरता विमानाभोवती एकदा नुसती चक्कर मारा. लाल पट्टी लोंबतेय का, कॅप उघडी आहे का, टो बार नाकाला लटकलाय का, हे लांबूनच पटकन दिसतं.

स्टार्ट, टॅक्सी, आणि जिथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती दहा मिनिटं

इंजिन सुरू झाल्यापासून, टॅक्सी करत म्हणजे जमिनीवरून विमान चालवत नेत, टेकऑफपर्यंत फ्रिक्वेन्सी बदलतात, क्लिअरन्स (टॉवरची परवानगी) येतो, मार्ग बदलतो, आणि या सगळ्यात चेकलिस्टही पूर्ण करायची असते. तीन अपघात इथे शेजारी ठेवून बघा, तिन्हींत फ्लॅप, म्हणजे कमी वेगात उचल वाढवणाऱ्या पंखांच्या पट्ट्या, उघडायचे राहिले.

१६ ऑगस्ट १९८७, डेट्रॉइट, नॉर्थवेस्ट २५५, एमडी-८२. टॅक्सी करताना रनवे बदलला, को-पायलट नवीन माहिती घेण्यात गुंतला, ठरलेला टॅक्सीवे चुकला, आणि या धांदलीत टॅक्सी चेकलिस्ट कुणी पुकारलीच नाही. चुकीच्या कॉन्फिगरेशनला बोंब मारणारी यंत्रणाही त्या दिवशी वीज न मिळाल्याने गप्प राहिली. १५६ मृत्यू, विमानातली फक्त एक चार वर्षांची मुलगी वाचली.

३१ ऑगस्ट १९८८, डॅलस, डेल्टा ११४१, बोइंग ७२७. टॅक्सीच्या रांगेत बराच वेळ गेला, फ्लाइट अटेंडंटशी गप्पा रंगल्या. इथे चेकलिस्ट झाली! फ्लॅपचं नाव घेतल्यावर उत्तरही आलं, पंधरा, पंधरा, हिरवा दिवा. फ्लॅप उघडलेलेच नव्हते. १४ जण गेले.

२० ऑगस्ट २००८, माद्रिद, स्पॅनएअर ५०२२, परत एमडी-८२. हे विमान एकदा रनवेपर्यंत जाऊन एका सेन्सरच्या हीटिंगच्या तक्रारीने परत आलं होतं, त्यामुळे उशीर आणि चिडचिड. दुसऱ्यांदा निघताना आफ्टर स्टार्ट चेकलिस्ट शेवटच्या आयटमपर्यंत आली, तो आयटम होता फ्लॅप-स्लॅट, आणि नेमकं तेव्हाच कॅप्टनने टॅक्सीची परवानगी मागायला सांगितली. पुढे टेकऑफच्या तोंडावरच्या चेकलिस्टमध्ये को-पायलटने फ्लॅपचा आकडा अकरा असा म्हटला, फ्लॅप शून्यावर. १५४ मृत्यू.

अकरा हा आकडा आला कुठून? त्या उड्डाणासाठी जो असायला हवा होता तोच त्याच्या तोंडून आला. डोळ्यांनी वाचलेला आणि डोक्यात असलेला आकडा बोलताना सारखाच वाटतो, बोलणाऱ्यालाही कळत नाही कुठला होता. हे समजलं की पुढचे नियम आपोआप पटतात:

चेकलिस्ट विमान थांबलेलं असताना करा, निदान सेसनावर तरी घाई कसली आहे? एअरलाइनमध्ये टॅक्सीत करावी लागते तेव्हा सरळ टॅक्सीवेवर, रनवे ओलांडताना किंवा वळणावर नाही.

उत्तर देताना बोट त्या वस्तूवर. लिव्हर आणि इंडिकेटर दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही बघा. "फ्लॅप?" "दहा मागितले, दहा दिसतायत." नुसतं "सेट" म्हणायचं नाही, "चेक्ड" हे तर उत्तरच नाही. फ्युएल सिलेक्टरला (इंधन कुठल्या टाकीतून घ्यायचं त्याला) हात लावून "बोथ", मिक्सचरला (इंधन-हवेच्या प्रमाणाच्या नॉबला) हात लावून "रिच".

समोरचा उत्तर देईपर्यंत पुढचा आयटम वाचायचा नाही. वाचणाऱ्याने स्वतःही इंडिकेटर बघायचा, तो निवेदक नाही.

शेवटी मोठ्याने "अमुक चेकलिस्ट कम्प्लीट". हे कंटाळवाणं वाटतं, पण हा शब्द ऐकू आला नाही तर शेजारच्याला कळतं की काहीतरी लटकलंय.

तुटलेली चेकलिस्ट जोडायची कशी

हा भाग नीट वाचा, बाकी लेख विसरलात तरी चालेल.

पहिला प्रश्न, हा व्यत्यय आत्ता घ्यायलाच हवा का? टॉवरने काही विचारलं आणि तुम्ही दोन आयटमवर आहात, तर "स्टँडबाय" हे पूर्ण, सभ्य आणि अधिकृत उत्तर आहे. नवशिक्यांना वाटतं कंट्रोलर रागावेल. नाही रागावत, आणि रागावला तरी काय, पार्किंगमध्ये उभ्या विमानाला तो काय करणार. होल्ड शॉर्ट (रनवेच्या अलीकडे थांबा) किंवा स्टॉप अशी सूचना आली तर अर्थात चेकलिस्ट सोडून आधी ब्रेक.

घ्यायलाच हवा असेल तर तोंडाने बोला: "होल्ड चेकलिस्ट, फ्लॅप्सवर." कुठे थांबलो ते नाव घेऊन. एकटे असलात तरी मोठ्याने.

मग खूण ठेवा, हाताला जाणवेल अशी. अंगठा त्या ओळीवर दाबून ठेवा, किंवा कार्ड थ्रॉटलवर आडवं टाका म्हणजे ते उचलल्याशिवाय पॉवर देताच येणार नाही. कार्ड पॉकेटमध्ये परत गेलं की डोकं समजतं काम झालं. विमान उभं असताना ही युक्ती फार चालते, टॅक्सी करताना थ्रॉटल झाकायचा नाही हे उघड आहे.

व्यत्यय संपला की ताबडतोब पुढच्या कामाला लागायचं नाही. स्वतःला विचारा, काय करत होतो, कुठे होतो. मग "रिझ्यूम, फ्लॅप्सपासून" म्हणून त्या आयटमसकट पुन्हा वाचा, पुढच्यापासून नाही. जागा आठवत नसेल, जरा जरी शंका असेल, तर पहिल्या ओळीपासून. संपूर्ण चेकलिस्ट. "मला वाटतं झालं होतं" याला इथे काडीची किंमत नाही, कारण रोज तेच काम करणाऱ्या माणसाला काल केलेलं आज केल्यासारखं अगदी स्पष्ट आठवतं, त्यात खोटेपणा नसतो, आठवण खरीच असते, फक्त कालची.

शेजारी सीनियर बसलाय आणि तोच टोकतोय अशी वेळ येते. तेव्हाही हेच. "सर, चेकलिस्ट फ्लॅप्सवर होल्ड आहे" एवढं म्हटलं तर उद्धटपणा होत नाही. आणि इन्स्ट्रक्टर लोकांना एक विनंती, कॉकपिटमध्ये सगळ्यात जास्त व्यत्यय आपणच आणतो, ट्रेनी फायनलवर, म्हणजे रनवेसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, असताना कालच्या चुकीची शिकवणी घेऊ नका, ते उड्डाणानंतरच्या डीब्रीफमध्ये.

होल्डिंग पॉईंट आणि लाइनअप

कार्ड पूर्ण झालं तरी रनवेवर जाण्याआधी जीवघेणे चार आयटम परत एकदा, पाठ, हात लावून: फ्लॅप, ट्रिम, फ्युएल सिलेक्टर, कंट्रोल. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी दोन यंत्रं) तपासताना कुणी मध्ये बोललं की चावी "बोथ"ऐवजी एकाच मॅग्नेटोवर राहते, तीही बघून घ्या.

लँडिंग लाइट खुणेसारखा वापरा. टेकऑफ क्लिअरन्स मिळाल्यावरच लावायचा, त्याआधी कधीच नाही. म्हणजे रनवेवर उभं राहून "क्लिअरन्स मिळाला होता ना?" असा प्रश्न पडला तर स्विचकडे बघा.

लाइनअप झाल्यावर कंपास आणि रनवेचा नंबर जुळतोय का, मोठ्याने. २७ ऑगस्ट २००६ ला केंटकीतल्या लेक्झिंग्टनला कोमएअर ५१९१ ला रनवे २२ दिला होता, ते पहाटेच्या अंधारात छोट्या रनवे २६ वरून निघालं. ५० पैकी ४९ जण गेले. टॅक्सी करताना कामाबाहेरच्या गप्पा झाल्या होत्या, आणि हेडिंगमधला ४० अंशांचा फरक समोर दिसत असून कुणी वाचला नाही.

गप्पांचा नियम

११ सप्टेंबर १९७४ ला शार्लटला ईस्टर्न २१२ धुक्यात उतरताना पडलं, ७२ मृत्यू, अप्रोचभर राजकारणापासून जुन्या गाड्यांपर्यंत बोलणं चालू होतं. अशा अपघातांनंतर १९८१ मध्ये अमेरिकेत स्टराइल कॉकपिटचा नियम आला: टॅक्सी, टेकऑफ, लँडिंग आणि १०,००० फुटांखाली, क्रूझ सोडून, कामाशिवाय बोलणं नाही, कामं नाहीत. आपल्याकडच्या एअरलाइन्सही हाच आकडा धरतात.

सेसना तिथवर सहसा जात नाही, मग आपला आकडा आपण ठरवायचा. टॅक्सी पूर्ण, टेकऑफनंतर जमिनीपासून किमान १००० फूट, आणि सर्किटमध्ये (उतरण्याआधीच्या रनवेभोवतीच्या फेऱ्यात) पूर्ण शांतता, हे झेपण्यासारखं आहे. कॉकपिटमध्ये मुकं बसा असा याचा अर्थ नाही. क्रूझला तासन्‌तास गप्प बसलं तर झोप येते, तिथे बोला. पण तिथेही एकजण उडवतोय हे ठरलेलं असू द्या, ऑक्टोबर २००९ मध्ये नॉर्थवेस्ट १८८ चे दोघं पायलट लॅपटॉपवर ड्युटी रोस्टरची पद्धत समजावून घेत बसले आणि मिनियापोलिस दीडशे मैल मागे पडलं. सगळे सुखरूप उतरले, लायसन्स मात्र गेली.

टेकऑफनंतरची चेकलिस्ट, जी सगळ्यात सहज गळते

चाकं वर, फ्लॅप वर, फ्रिक्वेन्सी बदला, टर्न घ्या, आणि चेकलिस्ट राहिली. तिला कशालातरी बांधून टाका, जसं की "फ्लॅप शून्य झाले की लगेच पुकारणार" किंवा ठरावीक उंची.

२० सप्टेंबर २०१८ ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या ७३७ मध्ये ब्लीड स्विच (इंजिनातून केबिनला हवा देणारे) चालू केलेले नव्हते, केबिनमध्ये हवेचा दाब राहिना, १६६ प्रवाशांपैकी ३० जणांना नाका-कानातून रक्त किंवा कान दुखण्याचा त्रास झाला, विमान मुंबईला परतलं. हे थोडक्यात निभावलं. १४ ऑगस्ट २००५ चं सायप्रसहून निघालेलं हेलिओस ५२२ निभावलं नाही. प्रेशरायझेशनचा नॉब मॅन्युअलवर राहिलेला, निघण्याआधीच्या, स्टार्टनंतरच्या आणि टेकऑफनंतरच्या, तिन्ही टप्प्यांत सुटला. वर जाताना भोंगा वाजला तो केबिनच्या उंचीचा होता, पण त्याच आवाजाचा भोंगा जमिनीवर टेकऑफ कॉन्फिगरेशनसाठी असतो, त्यांना तोच वाटला, मग रेडिओवर कंपनीच्या इंजिनीअरशी चर्चा, आणि बोलता बोलता ऑक्सिजन कमी पडून शुद्ध गेली. १२१ जण. चढताना भोंगा वाजला तर आधी मास्क, मग विचार, ही सवय जेटवर जाणाऱ्यांनी सिम्युलेटरमध्येच लावून घ्यावी.

काहीतरी बिघडलं

२९ डिसेंबर १९७२ ची रात्र, मायामी, ईस्टर्न ४०१, नवं कोरं ट्रायस्टार. पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. २००० फुटांवर ऑटोपायलट लावून कॅप्टन आणि को-पायलट त्या दिव्याच्या कव्हरशी खटपट करत बसले, फ्लाइट इंजिनीअरला खाली चाक बघायला पाठवलं. मध्येच योकला धक्का लागून उंची धरून ठेवणारा मोड सुटला असावा. विमान हळूहळू खाली यायला लागलं, उंची सुटल्याचा टणत्कार वाजला तो कुणाच्या कानात शिरला नाही. रडारवर ९०० फूट दिसल्यावर कंट्रोलरने विचारलं, तिकडे कसं चाललंय, तर उत्तर आलं की आम्ही परत वळतोय. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत १०१ जीव गेले. चाक खाली होतं, दिव्याचे बल्ब गेले होते.

यावरचा उपाय साधा आहे पण तोंडाने बोलावा लागतो. "आय हॅव कंट्रोल, तू दिवा बघ." ज्याच्याकडे कंट्रोल आहे त्याने दिव्याकडे बघायचंसुद्धा नाही, उंची, स्पीड, हेडिंग, बस. ऑटोपायलट लावला म्हणजे कुणीतरी उडवतंय असं होत नाही. एकटे असाल तर आधी उंची धरा, ट्रिम करा, पंख सरळ, मग तीन-चार सेकंद बिघाडाकडे, परत बाहेर आणि अल्टिमीटरकडे, असं तुकड्यातुकड्यात.

आणि घड्याळ लावा. २८ डिसेंबर १९७८ ला पोर्टलंडला युनायटेड १७३ चाकाच्या शंकेपायी तासभर घिरट्या घालत राहिलं, शेवटी इंधन संपून इंजिनं बंद पडली, १० मृत्यू. क्रूमधल्यांनी इंधनाचा विषय काढला होता पण ठासून सांगितला नाही, आज आपण जे सीआरएम (क्रूने एकमेकांशी बोलत मिळून काम करायची पद्धत) शिकतो ते पुढे यातूनच उभं राहिलं. म्हणून बिघाड सुरू होताच बोलून ठेवा: "अमुक वाजता, किंवा इतकं फ्युएल राहिलं की, दिवा लागो न लागो, आपण उतरणार."

उतरताना

डाऊनविंड, बेस, फायनल, या सर्किटच्या तीन बाजू, तिन्हीकडे तेच म्हणा: फ्युएल, चाकं, मिक्सचर, प्रॉप, बेल्ट. सेसनाची चाकं बाहेरच असतात तरी म्हणा, पुढे चाकं आत जाणारं विमान येईल तेव्हा तोंडात बसलेलं असेल. डाऊनविंडवर नेमकं कुणीतरी ट्रॅफिक सांगतं आणि डोळे बाहेर जातात, म्हणून तर तीनदा.

शॉर्ट फायनलवर कार्ड वाचायचं नाही. तोपर्यंत लँडिंग चेकलिस्ट झालेली नसेल तर गो-अराऊंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. "चेकलिस्ट अपूर्ण" हे गो-अराऊंडचं पुरेसं कारण आहे, वेगळं कारण शोधायची गरज नाही. रनवे सोडून, लाइन पार करून, थांबून मगच आफ्टर लँडिंग.

याचा सराव जमिनीवर

खुर्चीत बसून पॅनलचा पोस्टर समोर लावून सगळेच प्रॅक्टिस करतात, पण शांततेत. रूममेटला शेजारी बसवा आणि सांगा की चेकलिस्टच्या मध्ये कधीही टोक, रनवे बदल, फ्रिक्वेन्सी दे, "अरे तुझा रिपोर्टिंग टाइम किती?" असं काहीही विचार. तुमचं काम एकच, होल्ड म्हणणं, जागेचं नाव घेणं, परत येणं. सुरुवातीला हसायला येतं, आणि थोड्या वेळात लक्षात येतं की "होल्ड" म्हणायच्या आधीच आपण उत्तर द्यायला लागलोय. तीच सवय मोडायची आहे.

खऱ्या फ्लाइटनंतर डायरीत एक ओळ लिहा, आज चेकलिस्ट कुठे तुटली आणि कशाने. थोड्याच दिवसांत दिसेल की तुमची ठरावीक जागा आहे, कुणाची रन-अपला (टेकऑफआधीच्या इंजिन तपासणीला), कुणाची फ्रिक्वेन्सी बदलताना.

शटडाऊनला लोक सगळ्यात ढिले पडतात, फोन बाहेर निघतो, दार उघडून गप्पा सुरू. तिथेही कार्ड काढा: १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी ऐकून बघा, आपला ईएलटी (अपघातात संकेत पाठवणारं यंत्र) चुकून वाजत नाहीये ना, मग एव्हिओनिक्स, मिक्सचर, मॅग्नेटो ऑफ, चावी काढून समोर सगळ्यांना दिसेल अशी, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) ऑफ. बीकनचा स्विच मात्र कायम ऑनच ठेवायचा, म्हणजे मास्टर चालू राहिला तर बाहेरून शेपटीवरचा दिवा लुकलुकताना कुणाला तरी दिसतो आणि सकाळच्या पहिल्या उड्डाणाच्या माणसाला बॅटरी मेलेली मिळत नाही.